चालत्या बिऱ्हाडाचें स्थलांतर

बिऱ्हाड हलवितांना चूल एकदां तरी विझवावी लागते. पण जेथील चूल क्षणभरहि विझूं नये, तें बिऱ्हाड हलवावें कसें? जानेवारी २०१३ मध्यें विकिपीडिया या ज्ञानकोशापुढें हाच प्रश्न होता. इ. स. २००४ पासून त्याचे मुख्य सर्व्हर फ्लॉरिडांतील टँपा येथें होते. तो प्रदेश चक्रीवादळांचा. म्हणून व्हर्जिनियांतील ॲशबर्न येथें नवीं यंत्रें मांडण्यांत आलीं. जुनीं यंत्रें उचलून नेणें हा येथें उपाय नव्हे. नव्या जागीं माहितीची प्रत आधींच सिद्ध ठेवावयाची, आणि टँपास होणारी प्रत्येक दुरुस्ती मागोमाग तींत उतरवीत राहावयाची. कठीण असते ती अखेरची घटका. दोन्हीं ठिकाणीं एकदम लेखन झालें, तर खरी प्रत कोणती हें ठरविणार कोण? यास्तव तेवढा वेळ लेखन थांबवितात. वाचन चालूंच राहतें. पुढें टेक्ससमधील दुसऱ्या केंद्राशीं अशा अदलाबदलीच्या तालमी होऊं लागल्या. एप्रिल २०१६ मध्यें लेखन सुमारें पाऊण तास बंद होतें. २०२१ मध्यें दोन मिनिटांहूनहि कमी! इ. स. २००३ पासूनचा मराठी विकिपीडियाहि याच यंत्रांवर नांदतो. तेव्हां त्या दोन मिनिटांत मराठी लेख सुधारूं पाहणारासहि हात आवरावा लागतो.