टोकन संपलं म्हणून युजरला बाहेर काढू नका

आज बोलूया एक्सपायर झालेल्या टोकनबद्दल.

ॲक्सेस टोकन मुद्दाम कमी वेळाचं असतं. चोरीला गेलं तरी लवकर निकामी होतं. ते संपलं की सर्व्हर ४०१ देतो. मग ॲपने रिफ्रेश टोकन देऊन नवं घ्यायचं आणि अडलेली रिक्वेस्ट पुन्हा पाठवायची. युजरला कळतही नाही.

खरी गडबड पुढे आहे. एका स्क्रीनवरून पाच रिक्वेस्ट गेल्या, पाचही ४०१ घेऊन परतल्या आणि पाचही रिफ्रेश मागायला धावल्या. बरेच सर्व्हर रिफ्रेश टोकन एकदाच वापरू देतात. पहिलीला नवं मिळतं. दुसरी जुनंच घेऊन आली की सर्व्हरला वाटतं, चोरी झाली! तो अख्खं सेशनच रद्द करतो. फॉर्म अर्धा भरलेला, शेवटची तारीख आजची, आणि समोर लॉगिनचं पान.

म्हणून एका वेळी एकच रिफ्रेश चालू द्या, बाकीच्यांना त्याच्यासाठी थांबवा. नवं टोकन आलं की सगळ्या पुन्हा पाठवा, पण प्रत्येकी एकदाच. नाहीतर चक्र थांबणारच नाही. ४०३ आला तर रिफ्रेश नको, तिथे परवानगीच नसते. आणि रिफ्रेशच नाकारला गेला तर लॉगिन दाखवा, पण आधी भरलेला फॉर्म सेव्ह करा.

भेटूया पुढच्या भागात!