शिष्यवृत्तीपासून वकिलातीपर्यंत



बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. टाटा शिष्यवृत्तीवर लंडनला शिकलेले, दलित कुटुंबातले के. आर. नारायणन १९४९ साली परराष्ट्र सेवेत शिरले. पुढे राष्ट्रपती झाले.

आज वसई-विरारची आपली मुले संगणक अभियंते होतात. परराष्ट्र मंत्रालयाने २०२० साली नव्या तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र विभाग काढला. त्या सेवेची परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. परदेशी उच्च शिक्षणासाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे. परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याची बार्टी आहे.

संधी हुकते ती दाखले वेळेवर नसल्याने. म्हणून आम्ही विहारात बसून अर्ज भरून देऊ. पालकहो, पहिल्या पगाराची घाई करू नका. जयभीम!