बॅटरीचा पंप आणि कोरी हमी



दांडा हापसून खांदे मोडत होते, ते बॅटरीच्या फवारणी पंपाने वाचले. पण काटोल-सावनेरकडे आम्ही काय पाहतो? दुसऱ्याच हंगामात, ऐन बोंडअळीच्या दिवसांत पंप अर्ध्या पऱ्हाटीत बसतो. टाकी धड, मोटर धड, बॅटरी मेलेली.

१२ व्होल्टची शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर क्षार धरतो; मग ती चार्ज घेत नाही. फवारणी सरली की भरूनच ठेवावी, उलंगवाडीनंतरही महिन्या-दीड महिन्याने पुन्हा भरावी. दुकानात हे कोण सांगतं? हमी विचारली तर पंपाची दाखवतात!

बॅटरीची हमी बिलावर लिहून घ्या. जुनी भंगारात फुकट देऊ नका. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तिच्यातल्या शिशाचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून कापून मागा.