पायाखालची नहर



बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला बीबी का मकबरा दाखवतो, पाणचक्की दाखवतो. पण ज्या बांधकामामुळे आपलं शहर मुळात वसू शकलं, ते जमिनीखाली आहे. त्याविषयी दोन शब्द बोलते.

मलिक अंबर जन्माने इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी या गावी शहर वसवलं. जागा नावाप्रमाणेच खडकाळ; मोठ्या वस्तीला पुरेल असं पाणी नव्हतं. त्याने उत्तरेकडच्या डोंगराळ भागात मुरलेलं पाणी भूमिगत नहरीने शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. शहराचं नाव पुढे बदलत गेलं, पण त्याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचं पाणीही अशाच नहरीचं.

यात पंप कुठेच नाही. सगळी करामत उताराची. ठरावीक अंतरावर मॅनहोल. त्यातून आत हवा जायची आणि गाळ काढायला माणूस उतरायचा. शहरात जलस्तंभ, त्यांत पाणी आपल्याच दाबाने वर चढायचं आणि पुढे हौदांना वाटलं जायचं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. यंत्रणा उभी करणारे पुष्कळ भेटतात. आपल्यामागे दुसऱ्याला ती उघडून दुरुस्त करता यावी, अशी सोय ठेवणारे थोडे. म्हणून मला त्या मॅनहोलचंच जास्त कौतुक वाटतं.

आज आपण जायकवाडीहून पंपांनी पाणी चढवून आणतो, तरी नळाची वाट पाहतो. नहर सगळ्या शहराची तहान भागवील, असा माझा दावा नाही. पण मॅनहोल बुजवून वर बांधकाम झालं की गाळ काढायची वाटच बंद होते आणि नहर कुणाला न कळता मरते.

आपल्यात कुणी बांधकाम व्यवसायात आहे, कुणी सरकारी नोकरीत. जुन्या वस्तीत पाया खणताना असं विवर लागलं, तर भराव टाकण्याआधी फोटो काढा, जागा नोंदवा, महापालिकेला आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

आणि सर, बाई, तुम्हाला एक विनंती. मुलांची सहल पाणचक्कीला गेली, तर हौदापाशी थांबवून त्यांना एवढंच विचारायला सांगा : हे पाणी येतं कुठून?