सप्तपदी, सहवास आणि कायदा



स्त्री-पुरुष काही वर्षे एकत्र नांदले की ते आपोआप पती-पत्नी ठरतात, अशी समजूत अनेकांच्या मनात असते. पाश्चात्त्य देशांत तिला ‘कॉमन लॉ मॅरेज’ म्हणतात. आपल्या कायद्यात असा विवाह नाही.

हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 7 नुसार वधू किंवा वर यांच्यापैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावे लागतात. सप्तपदी हा विधीचा भाग असेल, तर सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. वऱ्हाडातील पाटालाही रूढीचा आधार सिद्ध झाला तरच मान्यता मिळते. भाऊराव लोखंडे खटल्यात (1965) दुसरे लग्न ‘गांधर्व’ पद्धतीने लागले होते. आवश्यक विधी वा तशी रूढी सिद्ध न झाल्याने पुरुष द्विभार्येच्या आरोपातून सुटला. शिक्षा टळली ती त्याची. त्या स्त्रीला मात्र पत्नीपद मिळाले नाही. नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानेही विधीविना हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले. मग मुद्रांकपत्रावरील प्रतिज्ञालेखाची काय कथा!

तथापि कायदा निष्ठुर नाही. दीर्घ सहवास असेल तर न्यायालय विवाह झाल्याचे गृहीत धरते. 1978 च्या एका निकालात सुमारे 50 वर्षांचा संसार असाच ग्राह्य धरला गेला. मात्र हे गृहीतक विरुद्ध पुराव्याने खोडता येते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने ‘विवाहसदृश संबंधा’तील स्त्रीलाही संरक्षण, निवारा व आर्थिक साहाय्य मागता येते. त्यासाठी 2010 मध्ये न्यायालयाने कसोट्या सांगितल्या: दोघेही विवाहयोग्य वयाचे, विवाहास कायद्याने मोकळे, समाजात पती-पत्नीप्रमाणे वावरणारे आणि स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले असावेत. या संरक्षणाने पत्नीचा वारसाहक्क मात्र मिळत नाही. पतीच्या पश्चात शेताच्या सातबाऱ्यावर नाव लावण्याची वेळ येते, तेव्हा हा भेद कळतो.

म्हणून लेकीचे लग्न ठरविताना मुलाचे आधीचे लग्न नाही ना, याची खात्री करा. विधी साक्षीदारांसमक्ष होऊ द्या, छायाचित्रे जपा, नोंदणी लगेच करा. आणि एखादी भगिनी फसलीच, तर तिला दूषणे न देता संरक्षण अधिकाऱ्याकडे वा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे घेऊन जा. स्त्रियांना तेथे विनामूल्य वकील मिळतो. संस्काराचे पावित्र्य राखणे आणि फसलेलीच्या पाठीशी उभे राहणे, ही दोन्ही आपलीच कर्तव्ये आहेत.