वारस आणि उत्तराधिकारी
(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



मराठीच्या अध्यापकाने राज्यकारणावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझा विषय दोन शब्दांपासूनच सुरू होतो. वारस जन्माने ठरतो. उत्तराधिकारी नियमाने ठरावा अशी अपेक्षा असते. जेथे जन्माचा हक्क नाकारलेला आहे आणि नियमही पक्का झालेला नाही, तेथे काय घडते? एकपक्षीय साम्यवादी राजवटींचा इतिहास या प्रश्नाभोवतीच फिरतो.

आपल्या मुलखाला हा प्रश्न अपरिचित नाही. येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तकाचा हक्क मानला नाही आणि १८५४ साली राज्य खालसा झाले. तेथे नियम होता, तो परसत्तेने मोडला. रशियात मोडण्याजोगा नियमच नव्हता.

लेनिनने १९२२ च्या डिसेंबरात आणि पुढील जानेवारीत रुग्णशय्येवरून काही टिपणे लिहवून घेतली. स्टालिनला सरचिटणीसपदावरून दूर करावे, असे त्यांत सुचविले होते. २१ जानेवारी १९२४ रोजी लेनिन निवर्तला. टिपणे प्रतिनिधींना वाचून दाखविण्यात आली. स्टालिन मात्र पदावर राहिला. संस्थापकाचा शब्दही निष्फळ ठरला, कारण नेमणुकांची किल्ली सरचिटणीसाच्या हाती होती. ज्यांना त्याने नेमले, तेच त्याला निवडणार होते. पुढे ख्रुश्चेव्हला १९६४ मध्ये सहकाऱ्यांनी दूर केले. ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह, चेर्नेन्को हे तिघेही नोव्हेंबर १९८२ ते मार्च १९८५ या काळात पदावर असतानाच मरण पावले. पद सोडण्याचा सन्माननीय मार्गच उरला नव्हता.

चीनमध्ये लिन बियाओचे नाव १९६९ साली पक्षाच्या घटनेतच उत्तराधिकारी म्हणून लिहिले गेले. दोन वर्षांत विमान कोसळून त्याचा अंत झाला. या अनुभवाने शहाणे होऊन १९८२ च्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षपदाला दोन मुदतींची मर्यादा घातली गेली. ती २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. उत्तर कोरियात तर पिता, पुत्र, नातू अशी गादी चालली. जन्माचा हक्क मागल्या दाराने परत आला.

या कथेत आपली मराठी माणसेही आहेत. १९४८ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात बी. टी. रणदिवे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले. १९५० मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. अजय घोष यांच्या निधनानंतर १९६२ मध्ये श्रीपाद अमृत डांगे यांच्यासाठी अध्यक्षपद नव्याने निर्माण झाले आणि नंबुद्रीपाद सरचिटणीस झाले. ही तडजोड टिकली नाही. १९६४ साली पक्ष दुभंगला. १९८१ मध्ये त्याच पक्षाने डांग्यांना काढून टाकले. तरीही येथे वाद सभांतून आणि लेखांतून झाले. १९५७ व १९६७ मध्ये ज्या डांग्यांना मुंबईच्या मतदारांनी लोकसभेत पाठविले, त्यांना पक्षाबाहेरही एक न्यायासन उपलब्ध होते. मॉस्कोतील पराभूताला ते नव्हते.

मात्र आपण फार समाधान मानू नये. मतपेटी असलेल्या आपल्या देशातही अनेक पक्षांत घराणीच वारस ठरवितात. नियम कागदावर असून भागत नाही. तो आपल्याविरुद्ध जाईल तेव्हाही पाळण्याची सवय लागते.

ती सवय संस्थांतून लागते. वार्षिक सभा भरते, हिशेब वाचला जातो, अध्यक्ष खुर्ची सोडून सभासदांत येऊन बसतात आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक बदलायला येतात. हे दृश्य क्षुल्लक वाटते; अर्धे जग जिंकणाऱ्या सत्तांना ते साधले नाही. शंभर वर्षे टिकलेल्या वाचनालयाचे खरे धन कपाटांइतकेच इतिवृत्ताच्या वह्यांत आहे. दोन्ही जपा, आणि सभेला तरुणांना बोलवा.