गाजरगवत : ओळख आधी, हात नंतर



भिवंडी तालुक्यातील कोन हे गाव उल्हास नदीच्या काठी, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यासमोर वसलेले आहे. कल्याण-भिवंडी रस्ता ह्याच गावावरून जातो. रस्त्याच्या कडा, मातीचे भराव, बांधकामाभोवतालच्या मोकळ्या जागा येथे पावसाच्या पहिल्या सरींबरोबर नाना प्रकारची तणे माजतात. शाळेच्या पटांगणात ती वाढली म्हणजे स्वच्छतेच्या तासाला मुलांकडून ती उपटवून घेण्याचा प्रघात सर्वत्र जुना आहे. हेतू स्तुत्य खरा. परंतु त्या तणांत गाजरगवत असेल, तर हा श्रमसंस्कार मुलांच्या अक्षरशः अंगावर उठतो.

गाजरगवत ह्या नावात दोन चुका आहेत. ही वनस्पती गाजराच्या कुळातील नाही आणि ती गवतही नाही. गवताच्या पात्यात शिरा समांतर धावतात. हिच्या पानात त्या जाळीसारख्या पसरतात. पाने गाजरासारखी चिरलेली दिसतात, एवढेच साम्य. कूळ म्हणाल तर ते सूर्यफुलाचे. मूळ स्थान अमेरिकेचा उष्ण प्रदेश. पुण्यात ती १९५५ साली आढळली व आर. एस. राव यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद प्रसिद्ध केली. ‘काँग्रेस गवत’ हे तिचे दुसरे प्रचलित नाव. अमेरिकेशी झालेल्या पी. एल. ४८० करारान्वये आलेल्या गव्हाबरोबर ती आली, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु भारताशी तो करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, आणि वनस्पती तर पुण्यात आदल्या वर्षीच दिसली होती. तात्पर्य, नावावरून वा ऐकीव कथेवरून वनस्पतीची ओळख पटत नसते. ती लक्षणांवरूनच पटवावी लागते.

ही लक्षणे विद्यार्थ्यांनी क्रमाने पाहावीत. रोप लहान असताना चिरलेली पाने जमिनीलगत चक्राकार पसरलेली असतात. पुढे मधून खोड सरळ वर येते. त्यावर उभ्या रेषा असतात, बारीक लव असते आणि वरच्या भागात पुष्कळ फांद्या फुटतात. झाड मुलाच्या कमरेइतके, कधी त्याहूनही उंच होते. खोडावर पाने एकाआड एक येतात. शेंड्यावर पांढरी, सुमारे ४ मिलिमीटर रुंदीची असंख्य फुले दिसतात. वस्तुतः ते प्रत्येक ‘फूल’ म्हणजे अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ होय. भिंगातून पाहता त्याच्या कडेला पाच ठिकाणी पांढऱ्या पाकळ्या दिसतात. अशा गुच्छातून साधारणतः पाच बिया मिळतात. म्हणजे झाडावर १,००० गुच्छ असतील, तर बिया ५,००० होतील. गणिताच्या तासाला ह्याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

आता एक प्रसंग कल्पावा. तिसरीतील मुलगा पटांगणात पडतो, गुडघा खरचटतो. त्याचा सोबती मूठभर पाला घेऊन धावत येतो.

“गुरुजी, हा दगडीपाला. आमची आजी ह्याचाच रस जखमेवर लावते.”

“बाळ, आजीने दाखविलेल्या झाडाच्या एका दांड्यावर फुले किती होती?”

“एकच, गुरुजी.”

“आणि हा पाला तोडलास त्या झाडाला?”

मुलगा मोजू लागतो आणि मध्येच थांबतो.

आजीची ओळख चुकीची नव्हती. नातवाची अपुरी होती. दगडीपाला म्हणजेच एकदांडी. तिचे खोड जमिनीवर लोळते, पाने समोरासमोर येतात, त्यांच्या कडा दातेरी असतात, पण पान गाजरासारखे चिरलेले नसते. वीतभर लांब, पर्णहीन दांड्यावर पिवळ्या मध्यभागाचे एकच फूल उभे राहते आणि बीला वाऱ्यावर उडणारा पिसारा असतो. गाजरगवताच्या बीला तसा पिसारा नसतो. अशा वेळी शिक्षकाने तो पाला बाजूस ठेववावा, दोघांचे हात साबणाने धुववावे, जखम स्वच्छ पाण्याने धुवावी आणि आवश्यक तर मुलास आरोग्य केंद्रात न्यावे.

येथे आणखी एक गैरसमज दूर व्हावा. एकदांडीही उष्ण अमेरिकेतूनच आली आहे. दसऱ्याला ज्याचे तोरण दारावर चढते तो झेंडूही मेक्सिकोचा. ही तिन्ही एकाच कुळातील. परदेशी असणे हा वनस्पतीचा दोष नव्हे. गाजरगवताचा दोष त्याच्या अंगच्या पार्थेनिन नामक द्रव्यात व परागकणांत आहे. त्यांच्या संसर्गाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, चट्टे उठतात. काहींना शिंका व दम्याचा त्रास होतो. हा विकार बहुधा वारंवार संपर्क घडल्यानंतर उद्भवतो. म्हणून “काल उपटले, काही झाले नाही” हा निर्धोकपणाचा पुरावा मानू नये.

निसर्गनिरीक्षणासाठी मुलांनी झाडापासून दोन हात दूर उभे राहावे, काठीने पान दाखवावे, वहीत चित्र काढावे. पान चुरगाळून वास घेऊ नये. उपटण्याचे काम मोठ्या माणसांनी हातमोजे घालून, अंग व नाक झाकून, जमीन ओली असताना व फुले येण्यापूर्वी मुळासकट करावे. पानांवर पांढुरके, तपकिरी रेषांचे भुंगेरे दिसले तर ते मारू नयेत. ह्याच तणाचा नाश करावा म्हणून ते मेक्सिकोहून आणून १९८४ साली बंगळूर येथे सोडण्यात आले होते.

शाळेभोवतीचे तण एका दिवसात हटणार नाही. परंतु दोन झाडांतील पाच भेद स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगणारा विद्यार्थी घरी जाऊन ते धाकट्या भावंडांनाही दाखवील. शिक्षकाने फळ्यावर गाजरगवत व एकदांडी ही दोन चित्रे शेजारी शेजारी काढून आरंभ करावा आणि ओळख पटल्यावाचून कोणत्याही झाडास हात लावू नये, हा नियम प्रथम स्वतः पाळावा.